तीन वेळा चॅम्पियन होऊनही रेसर जेमी चॅडविकला पुढची गाडी का मिळाली नाही

"रेसिंग हे पोरींचं काम नव्हे, असतं तर एफवनमध्ये एक तरी दिसली असती की." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या मशीन शॉपमध्ये चहाच्या वेळेला विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. (एफवन म्हणजे फॉर्म्युला वन, रेसिंगची सगळ्यात वरची पायरी, तिच्याखाली एफटू, मग एफथ्री.) बोलणारी माणसं वाईट नाहीत, हुशार आहेत, मायक्रॉनमध्ये काम करणारी आहेत, म्हणूनच मला जास्त राग येतो. मशीनवर पीस रिजेक्ट झाला तर हीच माणसं आधी टूल बघतात, मटेरियल बघतात, सेटिंग बघतात आणि ऑपरेटरला सगळ्यात शेवटी बोलतात, पण गाडीत पोरगी बसली की डायरेक्ट ऑपरेटरच खराब!

जेमी चॅडविक घ्या. इंग्लंडची, जन्म १९९८ चा. हॉकी चांगली खेळायची, इंग्लंडच्या अंडर १८ च्या ट्रायलला बोलावणं होतं, ते सोडून ती गिनेटा ज्युनिअर या लहान वयाच्या ड्रायव्हरांच्या कार रेसिंग सिरीजच्या स्कॉलरशिपसाठी गेली. (हे सांगितल्यावर आमच्या बाबांना हळहळ वाटली. बेळगावचे बंडू पाटील १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सोनं जिंकणाऱ्या टीममध्ये होते, त्यामुळे आमच्या घरात हॉकी सोडणं म्हणजे काहीतरीच.) २०१५ ला ती ब्रिटिश जीटी या स्पोर्ट्स कारच्या सिरीजमध्ये जीटी फोर क्लासची चॅम्पियन झाली, मग सिंगल सीटरकडे, म्हणजे एफवनसारख्या एकाच सीटच्या गाड्यांकडे वळली, आणि २०१८ ला ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर ब्रिटिश एफथ्रीची रेस जिंकली, त्या सिरीजमध्ये जिंकणारी पहिली बाई. त्याच सिझनला त्याच सिरीजमध्ये आपल्या शेजारचा कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक पण गाडी चालवत होता, म्हणजे हे जग आपल्यापासून फार लांब नाही, निपाणीच्या पुढं गेलं की त्या ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) उभा राहिलेला माणूस सापडतो. आणि त्याच थंडीत जेमी एमआरएफ चॅलेंज खेळली, मुलांच्या बरोबरीनं, शेवटचा राऊंड २०१९ च्या फेब्रुवारीत चेन्नईला, आणि चॅम्पियन! आपल्या देशातल्या टायर कंपनीची सिरीज, आपल्या देशातला ट्रॅक, आणि आपल्याकडं किती जणांना हे माहीत आहे सांगा.

मग डब्ल्यू सिरीज आली. फक्त बायकांची, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हरनं पैसे भरायचे नाहीत. २०१९, २०२१, २०२२, तिन्ही टायटल जेमीची, मधलं वर्ष कोरोनात गेलं. २०२२ ला तर पैसे संपले म्हणून सिझनच अर्ध्यात गुंडाळला. आता तीन टायटल घेतल्यावर एफथ्रीची सीट मिळायला नको? नाही मिळाली. एका सिझनला दहा लाख युरोच्या आसपास लागतात, ते कोण आणणार.

यावर लोक २०२० दाखवतात. त्या वर्षी ती युरोपच्या फॉर्म्युला रिजनलमध्ये (एफथ्रीच्या खालची पायरी) प्रेमा टीमकडून उतरली, टीममधली तिन्ही मुलं पहिल्या तीनमध्ये आणि ती नववी. खरं आहे, ते वर्ष भारी नव्हतं, लपवायचं कशाला. पण त्या वर्षीचा चॅम्पियन जियानलुका पेटेकोफ, त्याचं पुढं काय झालं ते पण बघा, २०२१ ला एफटूमध्ये गेला आणि बजेट संपलं म्हणून सिझनमध्येच बाहेर. चॅम्पियन पोरगा! पण तेव्हा कोणी म्हणालं का की पोरांना हे जमत नाही? त्याचे पैसे संपले तर पैसे संपले, आणि जेमी थांबली की जगातल्या सगळ्या पोरी नापास. माझं सगळं भांडण इथं आहे.

आता पुढचं ऐका. २०२३ ला ती अमेरिकेत इंडी नेक्स्टमध्ये (तिथल्या इंडीकारच्या खालची सिरीज) गेली, पाठीशी स्पॉन्सर, टीम आंद्रेत्ती. पहिल्या वर्षी बारावी. तीच टीम, तीच सिरीज, दुसरं वर्ष मिळालं, आणि जून २०२४ मध्ये रोड अमेरिका ट्रॅकवर पोल (सगळ्यात पुढून सुटायची जागा) पण घेतली आणि रेस पण जिंकली. दुसरं वर्ष मिळालं म्हणून जिंकली, हे मला ओरडून सांगायचंय.

ताकदीचा मुद्दा पण काढतात, तो अगदीच खोटा नाही. एफटूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसतं, फास्ट कॉर्नरला हात भरून येतात. पण गाडी माणसानंच बनवलेली असते ना, २०२४ ची नवी एफटू गाडी करताना स्टिअरिंगला लागणारा जोर कमी करायचा हे त्यांनी ठरवूनच केलं. माझ्या बहिणीची लेक कोल्हापूरला कार्टिंग करते. तिथं कार्टची सीट तिला इतकी मोठी होती की टर्नला ती आतल्या आत सरकायची, फासळ्या काळ्यानिळ्या. मग मेकॅनिक काकांनी पाठीमागं फोम कापून बसवला, कडेला टेपनं आवळला, पेडलला लाकडाचा ठोकळा बांधला. त्याच दिवशी तिचा लॅप टाईम खाली आला. पोरगी तीच, ट्रॅक तोच.

एफवन अकॅडमी, एफवनवाल्यांची फक्त बायकांसाठीची सिरीज, २०२३ ला सुरू झाली तेव्हा मला शंका होती की परत बायकांचा वेगळा डबा करून बाजूला ठेवणार. पहिल्या वर्षी प्रत्येकीला दीड लाख युरो आणायला सांगितलं होतं, म्हणजे आपले सव्वा कोटीच्या वर. तरी एक गोष्ट त्यांनी बरोबर केली. २०२४ ची चॅम्पियन ॲबी पुलिंग, तिला बक्षीस म्हणून पुढच्या वर्षाची जीबीथ्रीची (ब्रिटनमधली मुलामुलींची एकत्र सिरीज) सीट दिली, पूर्ण खर्चासकट. कप आणि फोटो देऊन घरी नाही पाठवलं. जेमीला तीनदा जिंकून जे मिळालं नाही ते.

आपल्या भागात पैसा नाही असं नाही. बैलगाडी शर्यतीला बक्षिसं लागतात, कुस्तीच्या फडाला लागतात, गल्लीगल्लीत क्रिकेटच्या टुर्नामेंटला बॅनर लागतात, आणि ते लागावेतच. पण गाड्यांचे पार्ट ओतून आणि घासून मोठे झालेले कारखानदार आपल्या उद्यमबागेतच आहेत की. एका पोरीचे एका सिझनचे टायर आणि प्रॅक्टिसचं भाडं, एवढंच घ्या, आणि घेणार असाल तर दोन वर्षांसाठी घ्या, एका वर्षात निकाल मागू नका.

आणि टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, खानापूर, कुठलेही आई-बाप असोत, पोरीला एकदा कार्टमध्ये बसवून बघायचं असेल तर मेसेज करा. रविवारी सकाळी आमची गाडी कोल्हापूरला जाते, मागं दोघींना जागा आहे, हेल्मेट तिथंच मिळतं, फक्त बूट बांधून या आणि केस घट्ट बांधा.