‘काळ उलटा फिरवणारा दिवा’: त्या फॉरवर्डला उत्तर

“अमेरिकेत शास्त्रज्ञांनी प्रकाश भूतकाळात पाठवला. आइन्स्टाइन खोटा ठरला. हेच तंत्र आता दिव्यात! पेशी तरुण होतात, रोज अर्धा तास गुडघ्यावर धरा, औषधं बंद करा.” हा मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. माझ्या मावशीलाही आला. तिने फोन करून विचारलं, “अरे, मागवू का? पेन्शनमध्ये बसेल.” तेव्हा राहवलं नाही.

प्रयोग खरा आहे, तेवढं मान्य. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत आंद्रेआ आलू यांच्या गटाने तो केला आणि २०२३ साली ‘नेचर फिजिक्स’मध्ये छापला. पण त्यात दिवा नव्हता, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही नव्हता. बोर्डावर नागमोडी छापलेली सुमारे ६ मीटर लांबीची धातूची पट्टी होती, तिच्यावर ओळीने स्विच आणि विद्युतभार साठवणारे कपॅसिटर. पट्टीतून रेडिओच्या जातीची लहर धावत असताना सगळे स्विच एकदम चालवले. पट्टीचा विद्युत अवरोध सगळीकडे एकाच क्षणी दुप्पट झाला. लहरीचा काही भाग पुढे गेला, काही मागे वळला, आणि वळलेल्या भागाचं शेपूट आधी पोचलं.

शाळेच्या कवायतीत ‘पीछे मुड’ म्हटलं की सगळी रांग जागच्या जागी वळते आणि शेवटचा मुलगा पहिला होतो. तसंच हे. साध्या आरशात जो आधी पोचतो तोच आधी परततो, इथे क्रम उलटतो. कालच्या दिवसात मात्र कुणीच जात नाही. लहर आधी सोडली, नंतर परत आली. घड्याळ सरळच चाललं.

आइन्स्टाइनचा इथे संबंधच नाही. हवेतून काचेत शिरताना प्रकाशाची वारंवारिता (सेकंदाला किती आंदोलनं) तीच राहते, तरंगलांबी (लागोपाठच्या दोन शिखरांतलं अंतर) बदलते. पदार्थच सगळीकडे एकदम बदलला तर उलट होतं: तरंगलांबी टिकते, वारंवारिता बदलते. मॉर्गनथॅलर या संशोधकाने हे गणित १९५८ मध्येच मांडलं होतं, विद्युतचुंबकीय लहरींच्या जुन्या नियमांच्या, म्हणजे मॅक्सवेलच्या समीकरणांच्या, चौकटीत राहून.

आता तो दिवा. लहर मागे वळवायला बदलावा लागतो तो पदार्थ, ज्यातून ती चालली आहे. म्हणजे दिवा नव्हे, तुमचा गुडघा! दिसणाऱ्या प्रकाशाचं एक आंदोलन साधारण २ फेम्टोसेकंदांत संपतं; सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं एवढे भाग केले की त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. तेवढ्या वेळात गुडघ्यातलं मांस, हाड, कूर्चा यांचे प्रकाशीय गुणधर्म एकाच वेळी पालटायला हवेत. हे कुठलाही दिवा करत नाही. आणि समजा झालंच, तरी वळेल ती लहर, पेशींचं वय नाही. न्यूयॉर्कच्या प्रयोगात त्या पट्टीचा धातूसुद्धा क्षणभराने नवा झाला नाही. दिव्याच्या उबेने शेक बसेल, बरं वाटेल. त्याला गरम पाण्याची पिशवी पुरते. पण ‘औषधं बंद करा’ हे वाक्य लिहिणाऱ्याला काय म्हणावं? गुडघ्यासोबत बीपी-शुगरच्याही गोळ्या घेणारी माणसं हे वाचतात आणि खरं मानतात.

‘तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनमध्येही हेच आहे’ असंही त्यात लिहिलंय. अर्धं खरं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०२३ सालीच इंडियम टिन ऑक्साइडच्या पातळ थरावर लेझरचे जोरदार स्पंद मारून त्याची परावर्तकता (प्रकाश परतवण्याची क्षमता) काही फेम्टोसेकंदांत बदलली होती, आणि हे द्रव्य फोनच्या स्क्रीनमध्ये असतं खरं. पण फोनमध्ये ते पारदर्शक विद्युतवाहक म्हणून बसवलेलं असतं, तिथे काही उलटत नाही.

त्याच मजकुरातला ‘फुकट ऊर्जा’ मिळते हा दावाही खोटा. अशा पदार्थात लहरीची ऊर्जा वाढू शकते, पण ती पदार्थ बदलणाऱ्या यंत्रणेतून येते.

ज्यांनी हे पुढे ढकललं त्यांनी त्याच गटात ‘ते चुकीचं होतं’ एवढं तरी टाका. आणि ओळखीत कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आधी त्यांना फोन लावा.