टेराफ्लॉप्सवर विषय संपत नाही

‘१२ विरुद्ध १०.२८ टेराफ्लॉप्स, म्हणजे एक्सबॉक्स सिरीज एक्सच पॉवरफुल’ हे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) या गेम कन्सोलची तुलना करणाऱ्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. टेराफ्लॉप्स म्हणजे चिप सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करू शकते, आणि हा आकडा कागदावरचा गुणाकार आहे: ग्राफिक्स चिपमधले कोअर गुणिले त्यांचा वेग गुणिले दर ठोक्याला होणाऱ्या दोन आकडेमोडी. सिरीज एक्समध्ये ५२ कम्प्युट युनिट (कोअरचे गट) १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात, पीएस५ मध्ये फक्त ३६, पण २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत. शिवाय पीएस५ चा एसएसडी (गेम साठवायची वेगवान डिस्क) सेकंदाला ५.५ जीबी वाचतो, सिरीज एक्सचा २.४. याचा लेखात उल्लेखही नाही! मेमरीचंही तसंच. सिरीज एक्सच्या १६ जीबीपैकी १० जीबी वेगवान, उरलेली ६ जीबी बरीच संथ. पीएस५ मध्ये सगळी एकाच वेगाची.

प्रत्यक्षातही २०२० च्या शेवटी आलेला ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ हा गेम सुरुवातीला पीएस५ वर जास्त स्थिर चालत होता. तेव्हा आमच्या ग्रुपमधले टेराफ्लॉपवाले जे गप्प झाले, ते पुढचा पॅच (गेममधली दुरुस्ती) येईपर्यंत! माझ्याकडे सिरीज एक्सच आहे, त्यामुळे मला सोनीचा भक्त म्हणायची घाई करू नका. पुढच्या लेखात एकच गेम दोन्हींवर चालवून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) मोजून दाखवा, मग बोलू.