बूच घट्ट आहे, तरी बॅरलमध्ये पाणी

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘डिझेलमध्ये पाणी येतं ते पंपावरूनच. घरच्या बॅरलचं बूच घट्ट असेल तर चिंता नाही. डिझेल स्वच्छ दिसलं, फडक्यातून गाळलं की झालं. तरी पाणी निघालंच तर थोडं पेट्रोल टाका, जळून जातं.’

आधी बूच. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या माथ्यावर परातीत साचावं तसं पावसाचं पाणी साचतं. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. मग सर येते, पत्रा गार होतो, हवा आकसते आणि त्याच आट्यांतून वरचं पाणी आत ओढलं जातं. बूच पान्याने आवळलंय म्हणता, पण आतला वायसर कधी बदललाय? पाणी जड, ते तळाशी बसतं. पत्रा गंजतो, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून बुळबुळीत थर धरतो. फिल्टर चोंदवायला तो पुरेसा असतो. पंप धुतल्या तांदळासारखा असतो असं नाही. शंका असेल तर टाकीत बुडवायच्या डिप रॉडला (मापाच्या दांडीला) वॉटर पेस्ट लावून दाखवायला सांगा, पाण्यात पेस्टचा रंग बदलतो.

‘स्वच्छ दिसतं’ याला अर्थ नाही. बीएस-६ डिझेलच्या मानकात किलोमागे २०० मिलिग्रॅम पाणी, म्हणजे चारेक थेंब, आणि २४ मिलिग्रॅम कचरा, एवढीच मुभा आहे. विरघळलेलं पाणी तर दिसतच नाही. डिझेल गार झालं की ते सुटं होतं.

फडकं? डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, नव्या इंजिनात जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेल इंजेक्टरमधली फट दोन-चार मायक्रॉनची. त्या फटीला घातक धूळ फडक्यातून आरामात जाते, वर सुताचे तंतूही पडतात. जुना ट्रॅक्टर थोडंफार सोसतो. पण नव्या इंजिनात १६०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे १६०० पट दाबाखाली तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

पेट्रोलचा सल्ला सगळ्यात वाईट. पेट्रोल पाण्यात मिसळतच नाही. त्यातलं इथेनॉल मिसळतं, पण पाण्याबरोबर तेही तळाशी जातं. शिवाय डिझेलचा वंगणपणा कमी होतो, इंजिनाचा डिझेल पंप घासतो आणि आगीची भीती वाढते ती वेगळीच.

बॅरल शेडमध्ये घ्या. जागा नसेल तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका पातळीत. आणि तळाचं चार बोटं डिझेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नका. बाटलीत काढून रात्रभर ठेवा, सकाळी बुडाशी काय बसलंय ते बघा.