मोरी

सकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं फोटो टाकला. ओढ्याकाठी पहाटे बसलेल्या ऊसतोड बायका, पाठमोऱ्या. खाली लिहिलंय, ‘यांना आवरा, गावात घाण करतात.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. बायामाणसांचा असा फोटो काढायला हात धजला कसा? तुझा सात एकर ऊस कोण तोडतंय?

काही वर्षांपूर्वी आमच्या मळ्यात बीडकडची ऊसतोड टोळी कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून होती. एका दुपारी त्यातली एक पोरगी मागच्या दाराशी आली. असेल सव्वीस-सत्तावीसची. “ताई, जरा येळ मोरी मिळंल का?” आत गेली ती अर्धा तास बाहेर येईना. आली तेव्हा हातात पिळलेलं फडकं, आणि ते कुठं लपवू असं झालेलं. म्हटलं, घाल की दोरीवर. म्हणाली, “कोपीत वाळतच न्हाई ओ. वलंच घ्यावं लागतंय.” म्हटलं, मग चार दिवस बस की घरी. “खाडा पडतो, ताई. दोघांचा.”

कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. ती बसली की त्याचाही दिवस गेला, वर मुकादमाचा दंड. आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते, तोंड उघडायचं कुणापुढं?

२०१९ मध्ये बीडच्या बातम्या आल्या तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मला ते ओलं फडकंच आठवलं. ओलं फडकं, ओढ्याचं पाणी, डोक्यावर मोळ्या. अंगावरून जायला लागलं की कुणीतरी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, आणि पाळी गेली की खाडाही गेला, म्हणून बाई तयार होते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. चांगलंच झालं. पण फडात संडास कुठाय? कारखान्याच्या आवारात साहेबांच्या गाडीला शेड आहे!

हो, माहितीय. तोडकरी खुशालीसाठी, म्हणजे वरच्या पैशांसाठी, शेतकऱ्याला अडवतात, उचल घेऊन टोळ्या बुडवतात. आमचेही पैसे गेलेत. म्हणून बाईनं अंधार पडायची वाट बघत लघवी दाबून धरायची?

टाइप करताना हात थरथरतोय. राग आता तेवढा नाही, रडू येतंय.

गेल्या हंगामात तीच टोळी परत आली. ती पोरगी होती, पण मी आधी ओळखलंच नाही, इतकी वाळलेली. म्हटलं, मोरी मोकळी आहे गं, जा. हसली. “आता कशाला ओ ताई. पिशवी काढली.”

परवा आमच्याकडं तोड आहे. बोअरशेजारी चारी बाजूंनी पत्रे मारून घेतलेत, दोरी उन्हात बांधलीय. ज्यांच्या मळ्यात खोली-संडास आहे, त्यांनी हंगामभर कुलूप काढून ठेवा.

आणि तू, तो फोटो काढ ग्रुपवरून. आत्ता.