परत तीच कडी

"अरे, परत तीच कडी? दुसरं काही सापडत नाही का तुला?" परवा एका मित्राने विचारलं. प्रश्न रास्त आहे. आमच्या मागच्या दाराच्या गंजलेल्या कडीकोयंड्याचे मी वर्षभरात शंभरावर फोटो काढलेत आणि त्यातले बरेचसे इथे तुमच्या माथी मारलेत. तेव्हा एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

माझीही सुरुवात फुलांपासूनच झाली. फूल पळून जात नाही, "मी जाड दिसतेय, डिलीट कर" म्हणत नाही. दोन-तीनशे फुलं काढून झाल्यावर मात्र एक गोष्ट टोचायला लागली. फोटो छान होते, पण त्यात माझं काय होतं? छान तर फूल आधीपासूनच होतं. मी नुसतं बटण दाबलेलं. रोज सकाळी फुलांचा रतीब घालणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे बोलायचा हक्क आहे मला.

खरी शिकवणी लावली ती लाल जास्वंदीने. डोळ्यांना पाकळीवरची एकेक शीर दिसत होती आणि फोटोत नुसतं लाल ठिगळ! कितीतरी दिवस मी फोनला शिव्या दिल्या. मग कारण कळलं. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो. एकूण फोटो ठीक उजळलेला दिसत असतानाच लालचं माप काठोकाठ भरून सांडलेलं असतं, आणि सांडलेला तपशील नंतर कितीही एडिट करा, परत येत नाही. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर फुलावर बोट ठेवायचं आणि उजेड थोडा खाली ओढायचा. शिरा हजर. पांढऱ्या फुलाचं बरोबर उलटं. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं करायची खोड असते, त्यामुळे चौकट भरून पांढरं फूल घेतलं की ते मळकट येतं. तिथे उजेड वर न्यायचा. म्हणजे यंत्र दोन्हीकडे चुकतं, फक्त उलटसुलट दिशांनी.

अगदी जवळ जाण्याची हौस असेल तर संयम हवा. फुल-फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी घेतली, तर एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड मध्यम उघडं असताना, जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. परागकोश धारदार आला की पाकळी धूसर. त्यात वारा. मी श्वास रोखून धरतो, पण फूल थोडंच धरतं! मागचं सगळं धूसर करणारा फोनचा पोर्ट्रेट मोड इथे कामाचा नाही. फुलाच्या कडा तो हिशेबाने ठरवतो आणि बारीक केसर सरळ खाऊन टाकतो. आणि हो, फुलावर स्प्रेने पाणी मारून त्याला दव म्हणणं मला पटत नाही. मारा पाणी, पण दव म्हणू नका.

आता कडी. पहिल्या तीसेक फोटोंत मला फक्त गंज दिसला होता. तेही नेहमीच्या पद्धतीने: ब्लॅक अँड व्हाइट, भडक कॉन्ट्रास्ट, वर काळाच्या ओघाबद्दल दोन उसाशांच्या ओळी. गंज दिसला की त्यात खोल अर्थ असतोच, हा आम्हा हौशी मंडळींचा गोड गैरसमज आहे. मग एकदा संध्याकाळी ऊन अगदी आडवं, लाकडाला घासून जात होतं, तेव्हा कडीखाली एक अर्धगोल चर दिसला. वर्षानुवर्षं कडी झुलून लाकूड झिजलं होतं. चराच्या काठावर हिरवा रंग, त्याखाली निळा, मग उघडं लाकूड. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात हा चर असून नसल्यासारखा. फुलांना ढगाळ दिवसाचा पसरलेला उजेड मानवतो, पण झिजलेल्या वस्तूला तिरकं ऊनच लागतं, कारण सावली पडल्याशिवाय खड्डा दिसत नाही. मला हे कळायला तीस फोटो लागले. नवनव्या जागा शोधत फिरलो असतो तर कळलंच नसतं.

हे खूळ नवं नाही. कागदावर निगेटिव्ह काढून तिच्यावरून हव्या तितक्या प्रती छापायची पद्धत ज्यांनी शोधली, त्या हेन्री फॉक्स टॅलबट यांचा १८४४ सालचा एक प्रसिद्ध फोटो आहे. उघडं दार, त्याला टेकवलेला खराटा, बाजूला टांगलेला कंदील. बस्स. गंमत म्हणजे तसाच फोटो त्यांनी १८४१ मध्येही काढला होता, आणि त्यांच्या आईने त्याला नाव दिलं होतं 'खराट्याचं स्वगत'. फोटोग्राफी जेमतेम रांगत होती, अख्खं जग टिपायचं बाकी होतं, आणि हा माणूस तीन वर्षांनी पुन्हा खराट्यापाशी! माझ्या कडीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्यांच्याशी भांडावं.

पुढच्या आठवड्यात त्या दाराला रंग द्यायचं घरात ठरलंय. कडीखालचा वीतभर भाग सोडून द्या म्हणून मी विनवून पाहिलं. घरातल्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, तिचा फोटो काढायला हवा होता. उद्या संध्याकाळी ऊन आडवं झालं की जाणार आहे. मित्रा, आणखी एक सोस.