खोकड, खोकला आणि मी

२०२३-२४च्या हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एकोणीस वेळा पहाटे उठून शिकारीला गेलो, असे सांगितले की सासवडकडचे माझे नातेवाईक माझ्याकडे आदराने पाहू लागतात आणि तो आदर टिकावा म्हणून मी पुढचे सहसा सांगत नाही. पुढचे असे, की या एकोणीस पहाटांत बंदूक माझ्या हाती एकदाही आली नाही. माझ्या हाती रिमोट होता. बर्फात चाळीस पावलांवर ठेवलेल्या एका भोंग्यातून जखमी सशाचे किंचाळणे वाजवायचे, ते ऐकून कोल्हे आणि कायोटी जेवणाच्या आशेने येतात का ते पाहायचे आणि तोवर अजिबात हलायचे नाही, एवढेच माझे काम. त्यातले पहिले काम मला बऱ्यापैकी जमले.

या उद्योगात मला ओढले ते शेजारच्या आजोबांनी. ते निवृत्त शेतकरी, वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि शिकारीतला जुना जोडीदार हिवाळ्याला कंटाळून ॲरिझोनात राहायला गेलेला. त्यांना भोंगा वाहून नेणारा माणूस हवा होता आणि मला शनिवारी सकाळी कपाटे आवरण्यातून सुटका हवी होती. दोघांनीही आपापली खरी कारणे एकमेकांना सांगितली नाहीत. ते म्हणाले, "तुला निसर्ग दाखवतो," आणि मी म्हणालो, "लहानपणापासून इच्छा होती."

पहिली अडचण भाषेची आली. फोनवर आईला कायोटी म्हणजे काय ते सांगायचे होते. लांडग्याहून लहान, कोल्ह्याहून थोराड, रंगाने करडा आणि स्वभावाने संशयी, असे वर्णन केल्यावर आई म्हणाली, "मग कोल्हाच की." मी म्हटले, कोल्हा वेगळा; इथला कोल्हा तांबडा असतो, त्याची शेपटी झुबकेदार असते. "त्याला खोकड म्हणतात," आई म्हणाली, आणि ती बरोबर होती. आमच्याकडे उसाच्या फडात रात्री कोल्हेकुई करतो तो कोल्हा आणि माळावर बीळ करून राहते ते चिमुकले खोकड, हा भेद शाळेच्या पुस्तकाने पुसून टाकला असला तरी आईच्या लक्षात होता. त्या दिवसापासून माझ्या हिशेबात कायोटी तो कायोटी आणि तांबडा कोल्हा तो खोकड असे ठरले. या शब्दाचे आणि माझ्या प्रकृतीचे काही जुने नाते निघेल, याची मात्र तेव्हा कल्पना नव्हती.

आईची दुसरी शंका कायद्याची होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, हे तिला ठाऊक होते आणि मुलगा परदेशात जाऊन तुरुंगात बसेल, अशी तिला धास्ती होती. योगायोग असा, की आयोवातही माझे घोडे १९७२वरच अडले. तिथे १ जानेवारी १९७२नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाही. आजोबा त्या तारखेच्या कितीतरी आधी जन्मलेले, म्हणून त्यांना माफी. मला मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसून, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हाताळावी, नेम धरण्याआधी लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहावे, हे सगळे पाठ करावे लागले. "मी तर फक्त रिमोट दाबणार," असे मी कुरकुरलो, तेव्हा आजोबांनी जो बोलावतो तोही शिकारीच, असा निवाडा दिला आणि वर फरचा वेगळा परवानाही घ्यायला लावला. परीक्षेत माझ्या शेजारच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. तिने मला नंतर फार दिलासा दिला.

कायोटीला आयोवात बाराही महिने मोकळीक आहे, म्हणजे त्याला मारायची मोकळीक आहे. खोकडाचा हंगाम मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ जानेवारीला संपतो. त्याआधी शेतकऱ्यांकडे जाऊन त्यांच्या रानात बसायची परवानगी मागावी लागते, आणि या एका कामात मी आजोबांच्या वरचढ ठरलो. अनोळखी दार वाजवायचे, कुत्र्याकडे दुर्लक्ष करायचे, घरच्या माणसांची चौकशी करत करत हळूच मुद्द्यावर यायचे आणि नकार मिळाला तरी हसत उभे राहायचे, हे सारे मी गणपतीच्या वर्गणीसाठी शाळेपासून करत आलो आहे. मका-सोयाबीनवाले "बसा, नाहीतर नका बसू" अशा थाटात हो म्हणत. ज्यांच्या गाई वसंतात विणार होत्या, ते मात्र आम्हाला कॉफी पाजून रानाचा नकाशाच काढून देत. अकरा घरे फिरलो, नऊ होकार मिळाले. पावतीपुस्तक नेले असते तर मंडप उभा राहिला असता.

आता वाऱ्याविषयी. आम्ही राहतो तिथे मिझुरी नदीच्या काठाने लोएसच्या टेकड्या आहेत. हिमयुगाच्या शेवटी नदीच्या पात्रातली पिठासारखी माती वाऱ्याने उचलली आणि ढीगच्या ढीग इथे आणून टाकले, त्या या टेकड्या. ज्या मुलखात डोंगरसुद्धा वाऱ्याने बांधलेले आहेत, तिथे वाऱ्याला विचारल्याशिवाय काही होत नाही, हे मी आधीच ओळखायला हवे होते. कायोटी सशाच्या आवाजाकडे सरळ कधी येत नाही. तो लांबून वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाकाने खात्री करून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाही. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून बसायचे, खालच्या अंगाला मोकळे रान ठेवायचे आणि अंगाला कसलाही वास येऊ द्यायचा नाही. आजोबा बिनवासाच्या साबणाने आंघोळ करून येत. माझे जाकीट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले असे.

डिसेंबरच्या एका सकाळी पहिला कायोटी आला तो या जाकिटाने घालवला. दोनशे यार्डांवर तो वळसा घालून आमच्या खालच्या अंगाला पोहोचला, थांबला, नाक वर केले आणि एखाद्याला अचानक काही आठवावे तसा मागे फिरून पळत सुटला. आजोबांनी रायफल खाली ठेवली, माझ्याजवळ येऊन माझी बाही हुंगली आणि विचारले, "हे काय आहे?" हिंग म्हणजे काय हे त्यांना समजावणे कायोटी आईला समजावण्यापेक्षाही कठीण गेले. फोडणी, मोहरी, कढीपत्ता असे करत मी आमटीपर्यंत पोहोचलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि जाकीट यापुढे गॅरेजमध्ये राहील, असा हुकूम काढला. थर्मासमधला आल्याचा चहाही त्याच दिवशी बंद झाला. या दुसऱ्या निर्णयाशी मी आजही सहमत नाही.

वास सुटला, पण खोकला सुटला नाही. आवाज लावल्यावर एका जागी साधारण वीस मिनिटे बसायचे, मग उठून मैलभर पुढे जायचे आणि पुन्हा बसायचे, अशी ही पद्धत. एरवी वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण आजोबांचा जुना पांढरा झगा अंगावर चढवून, उकडीच्या मोदकासारखा बर्फात बसलेला माणूस ही वीस मिनिटे मोजू लागला की त्याला आपल्या शरीराचा एकेक भाग स्वतंत्रपणे बोलतो आहे असे जाणवते. आधी नाक वाहते, मग डावा पाय झोपतो, मग पाठीच्या नेमक्या मधोमध, जिथे कोणाचाच हात पोहोचत नाही तिथे, खाज सुटते. ही सगळी संकटे मी सोसली. घशाने मात्र पहिल्या दिवसापासून असहकार पुकारला. तेराव्या-चौदाव्या मिनिटाला, सशाचे किंचाळणे थांबवून मी शांतता केली की, त्या शांततेच्या तळातून एक बारीक गुदगुली वर येई. मी आवंढे गिळी, रामरक्षा म्हणे, श्वास रोखून धरी आणि शेवटी दुप्पट जोराने खोके. १५ जानेवारीला, जेव्हा उणे वीस अंश सेल्सियसच्या खाली गेलेल्या थंडीत सगळा आयोवा संध्याकाळी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला घराबाहेर पडणार होता, त्या सकाळी आम्हीही बाहेर पडलो, कारण एवढ्या थंडीत भुकेला कायोटी नक्की येतो, असे आजोबांचे मत होते. कायोटी आला नाही. खोकला वेळेवर आला.

याखेरीज आईचा फोन होता. आमचे सकाळचे सात म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेसहा. दिवा लावून झाला की ती मला फोन करते आणि मी फोन आवाज बंद करून ठेवायला कधी विसरत नाही, फक्त एकदा विसरलो. त्या वेळी ओढ्याच्या कडेला दोन कायोटी एकामागोमाग येत होते. माझ्या खिशातून सनई वाजली. मी रिमोटला फोन समजून बटन दाबले आणि भोंग्यातून सशाऐवजी कायोट्यांच्या कळपाचे केकाटणे पूर्ण आवाजात सुरू झाले, तेव्हा ते दोघे ज्या वेगाने गेले तो वेग मी त्या प्राण्यांत पुन्हा पाहिला नाही. आजोबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला माझा नमस्कार सांग."

आता माझ्या खात्यावरचा एकमेव विजय नोंदवतो. पळत्या कायोटीला क्षणभर थांबवायचे असेल, तर शिकारी तोंडाने भुंकण्यासारखा एक आखूड आवाज काढतात. तो ऐकून प्राणी थबकतो आणि वळून पाहतो, तेवढाच क्षण नेमाला मिळतो. जानेवारीच्या अखेरीस मक्याच्या खुंटांतून एक कायोटी तिरपा धावत निघाला होता आणि आजोबा भुंकणार इतक्यात मी खोकलो. तो थांबला. वळून त्याने थेट माझ्याकडे पाहिले. मग आवाज झाला.

आजोबांनी माझी पाठ थोपटली आणि मी जवळ जाऊन पाहिले. लांबून अल्सेशियनएवढा वाटणारा तो प्राणी उचलला तेव्हा जेमतेम चौदा किलो भरला असेल. बाकीचा सगळा केसांचा फुगारा होता. पापण्यांवर बर्फ होते. गाई पाळणाऱ्यांची बाजू मी कॉफीसकट ऐकलेली होती आणि ती मला पटतही होती, पण आपला खोकला इतका महाग पडू शकतो, हे मला कोणत्याच अभ्यासक्रमाने सांगितले नव्हते. कातड्याला पूर्वी बरे पैसे मिळत. महागड्या जाकिटांच्या टोप्यांना कायोटीची झालर लावणाऱ्या एका कॅनडाच्या कंपनीने २०२१मध्ये फर सोडून देण्याचे जाहीर केले, आणि त्या निर्णयाबद्दल आजोबा आजही वैयक्तिक अपमान झाल्यासारखे बोलतात.

हंगामाचा जमाखर्च मांडायचा, तर सात कायोटी दिसले, तीन मिळाले आणि चार माझ्यामुळे वाचले. या आकड्यांनी मी ओशाळलो होतो, तोवर क्लार्कची रोजनिशी वाचनात आली. लुइस आणि क्लार्क हे अमेरिकेच्या सैन्यातले दोन अधिकारी पश्चिमेचा अनोळखी मुलूख धुंडाळायला मिझुरीतून होड्या ओढत वर चालले होते, तेव्हा १२ ऑगस्ट १८०४च्या संध्याकाळी आमच्या घरापासून नदीने थोडे वर एक माळरानी लांडगा, म्हणजे आमचा कायोटीच, काठावर येऊन त्यांच्यावर भुंकला. त्यांनी त्याला मारायचा प्रयत्न केला आणि जमले नाही, असे क्लार्कने सरळ लिहून ठेवले आहे. सैन्यातली निवडक माणसे, भरपूर दारूगोळा, सोबतीला हिंग नाही, आईचा फोन नाही, तरी जमले नाही. त्यानंतर दोन शतके माणसाने कायोटीला गोळ्या, सापळे आणि विष यांनी गाठले. मोठे लांडगे त्यात बहुतेक ठिकाणी संपले आणि त्यांची मोकळी झालेली जागा घेत कायोटी पश्चिमेच्या माळावरून पसरत पसरत हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोहोचला. शिकागोसारख्या महानगरातही त्याची बिऱ्हाडे आहेत. इतक्या यशस्वी प्राण्याच्या वाटचालीत माझ्या चार कायोट्यांचा हातभार तसा नगण्यच म्हणायचा.

खोकड मात्र हंगामात एकदाच दिसले, तेही गाडीतून. रस्त्याकडेच्या चारीत ते मान तिरकी करून बर्फाखालच्या उंदराची चाहूल घेत होते. रस्त्यावरून गोळी झाडता येत नाही, म्हणून आजोबांनी गाडी बंद केली आणि आम्ही नुसते पाहत राहिलो. चेक संशोधकांनी २०११मध्ये असे दाखवले आहे, की उंच गवतात किंवा बर्फात दडलेल्या उंदरावर झेप घेताना तांबडे कोल्हे ईशान्येकडे तोंड करणे पसंत करतात आणि त्या दिशेच्या झेपा अधिक सफल होतात. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना अंतर जोखायला मदत करत असावे. मी घाईने फोनमधले होकायंत्र उघडले. खोकडाने चक्क वायव्येकडे झेप घेतली, डोके खुपसले, फक्त शेपटी वर उरली आणि ते उंदीर घेऊनच बाहेर आले. त्याने तो शोधनिबंध वाचलेला नव्हता.

बाकी सगळा हंगाम आम्ही खोकडासाठी दूरदूरची राने पालथी घातली. आजोबांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्यांनी मला सांगितलीही होती: जिथे कायोटी असतात तिथे खोकड टिकत नाही, कारण कायोटी त्याला हुसकावतो किंवा मारतो, म्हणून ते माणसांच्या आसऱ्याने, गोठ्याखाली, कोठाराखाली, वस्तीच्या कडेला राहते. हे ऐकूनही आम्ही दर शनिवारी वस्तीपासून दूर जात राहिलो.

३१ जानेवारी उलटली. त्यानंतरच्या शनिवारी जाग आपली पहाटेच आली, म्हणून मी चहा करून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. आदल्या रात्री बायकोने खमंग काकडी केली होती आणि साली परसातल्या खताच्या पेटीत टाकल्या होत्या. पेटीच्या कडेवर पुढचे पाय टेकून एक तांबडे खोकड त्या साली सावकाश खात होते, आणि पेटीपासून आमच्या औजारांच्या खोलीच्या फरशीखाली जाणारी त्याची पाऊलवाट बर्फात इतकी मळलेली होती, की ती एका आठवड्याची नक्कीच नव्हती. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण मी शाळेत दहा वेळा तरी वाक्यात उपयोग करून दिली असेल.

शेजारच्या घरात दिवा लागला. आजोबांची खिडकी पलीकडच्या बाजूला आहे. मी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि खोकड पोट भरून फरशीखाली जाईपर्यंत, घड्याळाप्रमाणे तेवीस मिनिटे, तसाच उभा राहिलो. एकदाही खोकलो नाही.