मधल्या उंचवट्यावरून

गाडीत कोणी कुठे बसायचं हे आमच्या घरात ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी मी बहुधा झोपलेली असणार. जागी असते तर मधली जागा कधीच कबूल केली नसती. पुढे बाबा आणि आई. मागे एका खिडकीशी आजी, कारण तिला वारा लागतो. (एक वारा लागतो म्हणजे हवा असतो, दुसरा लागतो म्हणजे बाधतो. आजीला एकाच प्रवासात दोन्ही लागायचे, त्यामुळे काच सतत वरखाली.) दुसऱ्या खिडकीशी दादा, कारण तो दादा. धाकटा कोणाच्या तरी मांडीवर, म्हणजे माझ्याच. आणि मी मध्ये, उंचवट्यावर.

हा उंचवटा आताच्या मुलांना सांगून कळायचा नाही. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन पुढे असे आणि जोर मात्र मागच्या चाकांना. तो जोर पोचवणारा लांबलचक दांडा गाडीच्या पोटाखालून फिरत जाई. त्याला जागा हवी म्हणून तळाचा पत्रा मधोमध उचललेला. दांड्याची सोय झाली, माझ्या पायांची गेली. दोन्ही पाय त्या वरवंट्यावर ठेवले की गुडघे हनुवटीला टेकायचे, दोन बाजूंना सोडले तर एक आजीच्या पायावर पडायचा आणि दुसरा दादाच्या. आजी नुसतं बघायची. दादा लाथ मारायचा.

त्यात माझ्या जागेखालची एक स्प्रिंग. रेक्झिनला एक बारीक छेद होता आणि त्यातून ती अधूनमधून बाहेर डोकावायची. सपाट रस्त्यावर सभ्य असायची. खड्डा आला की मी वर जायची, तीही वर यायची, मग मी खाली यायची आणि ती तिथेच असायची. आईने तिच्यावर जुनी चादर चौपदरी करून घातली होती. स्प्रिंगने चादर आठवड्याभरात ओलांडली.

डांबर संपलं की आम्हा सगळ्यांचे चेहरे उतरायचे, फक्त बाबांचा खुलायचा. स्टिअरिंगवर जरा पुढे सरकून बसत ते म्हणायचे, "हां, आता खरा रस्ता लागला." म्हणजे इतका वेळ आम्ही खोट्या रस्त्यावर छान बसलो होतो.

प्रत्येक खड्डा आम्हाला दोनदा मिळायचा. एकदा पुढच्या चाकांचा, एकदा मागच्या. दोन्ही चाकांमधलं अंतर अडीचेक मीटर आणि बाबांचा वेग ताशी वीस किलोमीटर धरला, तर दोन धक्क्यांत जेमतेम अर्धा सेकंद जातो. हे गणित मी मोठी झाल्यावर केलं, पण उत्तर मला सहाव्या वर्षीच माहीत होतं. बाबांची मान वर उडालेली दिसली की ताबडतोब दात आवळायचे, धाकट्याला धरायचं आणि पार्श्वभाग किंचित उचलायचा. खिडकीतून झाडं बघत बसलेल्या दादाला ही विद्या कधीच साधली नाही. दर चौथ्या खड्ड्याला त्याचं डोकं काचेवर आपटायचं. एवढा एकच फायदा मधल्या जागेला होता आणि तो मी मनापासून उपभोगला.

तशी आमच्या खड्ड्यांना दोनवरच थांबायची सवय नव्हती. मागचे शॉकअप गेलेले होते. धक्का झेलतात ते पाटे, म्हणजे गाडीखालच्या लवचिक पोलादी पट्ट्या, पण ते तो नुसता साठवतात आणि लगेच परत करतात. पाट्यांचं हे हेलकावणं आतल्या तेलात जिरवून गाडीला गप्प बसवणं हे शॉकअपचं काम. ते गेले की एका खड्ड्याची वसुली हप्त्यांनी होते. मेकॅनिकने मागचं बंपर दाबून सोडून दाखवलं. गाडी चार वेळा मान डोलावून मग थांबली. "साहेब, हे बदलावे लागतील." बाबांनीही मान डोलावली, पण गाडीइतकी नाही. "चालतंय तोवर चालू दे," म्हणाले.

आईची तक्रार वेगाबद्दल असे. "अहो, जरा सावकाश." त्यावर बाबांचा सिद्धांत तयार असायचा. कच्च्या रस्त्याला काही ठिकाणी पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. त्यांच्यावर हळू गेलं तर प्रत्येक लाट मोजून लागते, वेगात गेलं तर चाक एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर जातं आणि गाडी तरंगते, असं ते सांगत. पटलेलं कोणीच नव्हतं, पण तोपर्यंत बोलायचीही सोय उरलेली नसायची. "अ-अ-अ-हो, सा-सा-सा-व..." एवढ्यावर आईचं वाक्य विरायचं. धाकट्याला मात्र हा रस्ता सगळ्यात प्रिय. तो तोंड उघडून एक लांब "आऽऽ" लावायचा आणि रस्ता त्यावर फुकटात गमक घालून द्यायचा. लाटा संपल्या की सूर सरळ व्हायचा आणि तो निराश व्हायचा.

बाबांचा सिद्धांत अर्धा खरा होता, हे मला पुढे वाचून कळलं. वेगात धक्के खरंच कमी जाणवतात. फक्त चाक धड जमिनीवर नसल्यामुळे ब्रेक आणि वळण या दोन गोष्टी रामभरोसे होतात, तो भाग बाबांनी गाळला होता. शिवाय शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाळूच्या गोल पट्ट्यावर चाक फिरवत ठेवून पाहिलं, तर ठरावीक वेगापर्यंत वाळू सपाट राहते आणि तो ओलांडला की लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. म्हणजे वेगात जाणारे लोक त्या लाटा तयार करत होते आणि त्यावर उपाय म्हणून आणखी वेगात जात होते. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वाळूची गोष्ट वेगळी."

"चाकोरीबाहेर जावं" हे वाक्य लिहिणारे बहुतेक बसने फिरत असावेत. आम्ही खऱ्या चाकोरीतून जायचो. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चर पाडलेले आणि मध्ये मातीचा उभा वरंबा. चाकोरीत राहावं तर वरंबा खालून गाडीचं पोट खरवडतो. बाहेर पडावं तर एक चाक वरंब्यावर, एक काठावर, आणि सगळं कुटुंब आजीच्या अंगावर कलंडतं. बाबांना भीती फक्त चेंबरची. इंजिनाखालचं ते तेलाचं भांडं एखाद्या दगडाने फुटलं की सगळं तेल मातीत जातं आणि इंजिनाचा कारभार आटोपतो. त्यामुळे गाडीखालून "खण्ण" असा आवाज आला की आमच्यापैकी कोणाला लागलं का हे न विचारता बाबा उतरून पोटावर आडवे होऊन गाडीखाली बघायचे. मग उठून गुडघे झटकत म्हणायचे, "काही नाही, सायलेन्सर." आईचं डोकं टपाला आपटलेलं असायचं. तिच्या बाबतीतही निदान तेच.

शाळेत असताना कुठेतरी डनलॉप यांची हकीकत वाचली. बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत वाटेवर फार हादरते, म्हणून त्यांनी चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. (पुढे निघालं की रॉबर्ट थॉमसन यांनी ही कल्पना १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती, पण ते असो.) मी ती हकीकत बाबांना मोठ्याने वाचून दाखवली आणि "मुलाला हादरे बसतात म्हणून" हे शब्द पुन्हा एकदा, सावकाश वाचले. बाबा म्हणाले, "बरोबर. आपल्या गाडीला चारही आहेत तसलेच."

आता गाडी लागण्याविषयी. आमच्या घरात गाडी फक्त मला लागायची आणि त्याचा दोष सगळे खड्ड्यांना देत. तो अन्याय होता. दणादण गचक्यांनी माणूस मोडकळीला येतो, पण त्याला सहसा मळमळत नाही. मळमळतं ते संथ हेलकाव्यांनी. साधारण पाच सेकंदांना एक अशी डुलकी सगळ्यात वाईट, आणि दोन ते बारा हे वयही त्यासाठी सगळ्यात सोयीचं. कानातलं तोलाचं यंत्र सांगतं की आपण डुलतोय, डोळ्यांना समोर फक्त पुढच्या सीटची पाठ दिसत असते, ते म्हणतात कुठे डुलतोय. या दोघांच्या भांडणात पोट मधे पडतं. स्टिअरिंगवरच्या माणसाला मात्र वळण आधीच ठाऊक असतं, कारण ते तोच घेणार असतो. म्हणून बाबांना कधी काही झालं नाही आणि कोणाला काही होऊ शकतं हे त्यांना पटलंही नाही.

तर व्हायचं असं, की तासभर खड्ड्यांतून मी ठणठणीत बाहेर यायची. मग गुळगुळीत डांबरी, नागमोडी रस्ता लागायचा. आजी देवाचं नाव घ्यायची. आई पदराने चेहऱ्यावरची धूळ पुसायची. सगळी गाडी प्रथमच मोकळा श्वास घेत असताना मधून बारीक आवाज यायचा, "बाबा, थांबवा ना."

"आता? आता तर चांगला रस्ता आहे!"

दादा न सांगता खिडकीपासून सरकायचा. आयुष्यात तेवढ्याच वेळा त्याने मला खिडकी दिली.

मुक्कामाला पोचलो की बाबा सगळ्यांच्या आधी गाडीच्या मागच्या भागाची झडती घ्यायचे. प्रत्येक खराब रस्त्यानंतर तिथे एखादा नट, स्क्रू किंवा वायसर पडलेला मिळायचाच. तो कुठला हे कधीच कळलं नाही. बाबा तो प्रत्येक भोकाशी लावून बघायचे, कुठेच बसायचा नाही, गाडी त्याच्याशिवाय चालत असायची. मग तो डिकीतल्या पत्र्याच्या डब्यात जायचा. पुढच्या खेपेला तो डबाही आमच्याबरोबर वाजायचा. वर्षं गेली तसा डबा जड होत गेला आणि गाडी, निदान हिशोबाने तरी, हलकी.

गाडी विकली त्या दिवशी बाबांनी कागद दिले, किल्ल्या दिल्या, स्टेपनी दाखवली. मग डबा काढून त्या गृहस्थांच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"तुमच्याच गाडीचं आहे," बाबा म्हणाले.

गृहस्थांनी तो मागच्या सीटवर ठेवला. मधल्या जागेवर. गाडी निघाली, फाटकातल्या लहानशा उंबऱ्यावरून पुढची चाकं गेली, अर्ध्या सेकंदाने मागची. काहीतरी "टिंग" वाजलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बाबा फाटकापाशी गेले, खाली वाकले, बोटाएवढा एक बोल्ट उचलून फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली आणि तो शर्टाच्या खिशात टाकला.